पिंपातलं पाणी

"वहिनी, तुमचा मासा बेडकासारखा उड्या मारतो. खरे मासे खालून बघून हसत असतील."

दिरानं लाकडी मासा टेबलावर ठेवला. तो बोट चालवायचा, गिऱ्हाइकांना मोठ्या माशांच्या शिकारीला न्यायचा. वहिनीच्या हातातली पक्कड काही थांबली नाही.

"भावजी, ओढणाऱ्याच्या हातालाही अक्कल लागते."

"हात तोच आहे, ज्यानं गेल्या वर्षी माणसाएवढे कुपा मासे ओढले. उद्याही रिकामं यावं लागलं, तर धक्क्यावरच्या दुकानातून गळ लावून घेईन. राग मानू नका."

राग नाही, पण ते तिला लागलं. सासरी आल्यापासून दिराच्या बोटीचे गळ तीच लावायची, म्हणून तर सगळा धक्का तिला वहिनी म्हणायचा. हातभर लाकडी मासा, पोटाला एक गळ, शेपटीला एक. ऐकायला सोपं. पण दोन गळ एकमेकांत गुंतता कामा नयेत, झटक्यानं गळ अडकवायची कडी उघडता कामा नये, आणि वजन असं हवं की मासा निम्मा पाण्यात, निम्मा वर राहील. मग ओढला की तो पाणी उडवतो आणि खालचा मोठा मासा भुलतो. गळ हलके पडले की नुसताच टणाटण उडत सुटतो. म्हणून मोरीतल्या पिंपात तरंगवून बघितल्याशिवाय ती कुठलाच मासा हातावेगळा करायची नाही.

तिनं तोच मासा पिंपात सोडला. अगदी शहाण्यासारखा निम्मा बुडून राहिला. मग तिचं लक्ष पिंपाच्या काठाकडं गेलं. समुद्राच्या पाण्यानं बसणारा मिठाचा पांढरा थर कुठं गेला? तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"अहो."

बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं पेपर आणखी वर धरला.

"पिंपात पाणी कुठलं भरता?"

"नळाचं," पेपरामागून आवाज आला. "समुद्राचं पाणी घेऊन तीन जिने चढायचं, गुडघे कुरकुरतात. म्हटलं, पाणी ते पाणी."

"आणि मी मासा जास्त बुडतोय म्हणून हलके गळ लावत बसले; गोड्या पाण्यात तो बुडणारच. खाऱ्यात तो उचलला जातो. उड्या मारणार नाही तर काय करणार?"

दीर पोट धरून हसायला लागला. वहिनीनं दोन बादल्या दाराशी आणून ठेवल्या.

"हसून झालं की निघा. तुम्ही दोघं भाऊ, बादल्याही दोन."

खाऱ्या पाण्यात तोच मासा बुचासारखा वर आला. तिनं गळ उतरवले, जाड लावले, पुन्हा सोडला. निम्मा बुडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर दारात उभा. शर्टाला माशाचा वास, तोंड कानापर्यंत फाकलेलं.

"वहिनी, कुपा."

"केवढा?"

"कुपा बोटीत मावला. गिऱ्हाईक आनंदानं मावत नव्हतं."

त्याच्या हातातल्या लाकडी माशाचा रंग खरवडून निघाला होता, पोटाचा गळ जरा वाकला होता.

"दुकानात जाताय ना?" तिनं विचारलं.

"कुठलं दुकान?"

आत नवरा समुद्राच्या पाण्यासाठी बादली उचलत होता. वहिनीनं पक्कड घेतली, कडी फाकवली आणि वाकडा गळ काढायला घेतला.