जांभळं फूल आणि पांढरं फूल

साउथ डकोटाला जायचं अशोकने ठरवलं. ऐंशीचं दशक होतं, आम्ही शॉमबर्गला राहत होतो, आणि भारतात जाण्याइतकी सुट्टी त्या वर्षी नव्हती. आमची रेवा पाच वर्षांची. नव्वद नंबरचा हायवे धरला की सरळ पश्चिमेला जायचं. मिनेसोटात मुक्काम केला तर ड्राइव्ह जड जात नाही. खाणं मात्र बरोबर घ्या. शाकाहारी माणसाला तेव्हा त्या वाटेवर फ्राइज सोडून फारसं काही मिळत नसे, म्हणून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हायवे सोडून खडीच्या रस्त्याला लागलो. जूनची अखेर, गुडघाभर गवत, त्यात फिकट जांभळी फुलं. पाकळ्या खाली लोंबणाऱ्या, मधे काटेरी बोंड. मी डबा उघडत होते, अशोक नकाशात डोकं घालून बसला होता. रेवा गवतातून परत आली तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती.

“आई, माय टंग इज गॉन.”

एका मुठीत कुरतडलेलं जांभळं बोंड, दुसऱ्या मुठीत बारीक पांढऱ्या फुलांचा तुरा. मी तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं. जीभ बधिर झाली होती. आसपास घर नाही, फोन नाही. अशोकने गाडी दामटली. मी तिला सारखी नावं विचारत होते. तिचं, माझं, बाबाचं.

एका गॅस स्टेशनवर लोरेन भेटली. साठीची, तिथल्या मूळ डकोटा जमातीची बाई, पिकअपमध्ये गॅस भरत होती. अशोक फोन मागतोय हे ऐकून ती जवळ आली. रेवाच्या हातातल्या बोंडाचा तुकडा तिने तोडला आणि स्वतः चावला. याने जीभ अशीच बधिर होते, म्हणाली, दातदुखीवर आम्ही याचंच मूळ चावतो. माझ्या जिवात जीव आला.

मग तिने रेवाची दुसरी मूठ उघडली.

“हे खाल्लंस?”

रेवा आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, “आय डोन्ट नो.”

याने मेंढ्या मरतात, एवढंच लोरेन मला हळू आवाजात म्हणाली. पिकअप तिथेच सोडून ती आमच्या गाडीत बसली, हॉस्पिटलची वाट दाखवायला.

वाटभर ती रेवाला जांभळ्या फुलाबद्दल सांगत होती, मधेमधे काहीबाही विचारत होती. डकोटा भाषेत त्याला इचाहपे म्हणतात. तिची आई भाजल्यावर त्याचा रस लावायची. जुने लोक साप चावल्यावर त्याचं मूळ वापरायचे. वाळलेल्या बोंडाने पूर्वी केस विंचरायचे. रेवा हसली. मी फक्त तिच्या ओठांचा रंग बघत होते.

डॉक्टरांनी पांढरा तुरा ठेवून घेतला आणि रेवालाही ठेवून घेतलं. उलटी झाली नाही, नाडी ठीक राहिली. संध्याकाळी तिने दशमी मागितली. मग अशोक लोरेनला तिच्या पिकअपपाशी सोडून आला, येताना तिचा फोन नंबर घेऊन आला. सकाळी तिला सोडलं आणि आम्ही पुढचं सगळं कॅन्सल करून मागे फिरलो.

तुम्ही जरूर जा, जूनच्या अखेरीसच जा. ते गवत एकदा तरी बघावं असं आहे. मुलांचा हात मात्र सोडू नका. मी स्वतः परत गेले नाही. आजही नातवंडांनी अंगणातलं फूल तोडलं की मी आधी त्यांचं तोंड बघते.

त्या वेळी घरी पोचल्यावर मी लोरेनला फोन केला. तुम्ही शांत होतात म्हणून मी तग धरला, असं म्हटलं.

“शांत नव्हते,” ती म्हणाली. “माझ्या चुलतभावाने लहानपणी ते पांढरं खाल्लं होतं. तो गेला. तुझी मुलगी उत्तर देतेय की नाही, ते कळावं म्हणून मी बोलत होते.”

फोन ठेवला तेव्हा रेवा टेबलाशी सिरियल खात होती. तिच्या खुर्चीला टेकून मी जमिनीवरच बसले, आणि तिचा वाडगा रिकामा होईपर्यंत उठले नाही.