तिला माहीत नव्हतं म्हणतात

“आजीले हात लावू नको वं, करंट हाय, मरशीन,” समोरच्या मास्तरीणबाई त्यांच्या फाटकातून ओरडत होत्या. माझा हात कूलरच्या पत्र्याला चिकटला होता. पायाखाली पाणी. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. बाईंच्या मागे गल्लीतली चार-पाच माणसं आणि त्यांच्यात मास्तर उभे होते. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. लाकूड आणा, लाकडानं ढकला, असं ते सांगत होते. त्यांच्या हातात त्यांची काठी होती. लाकडाचीच.

भांडी घासणारी बाई मोरीवरून उठून आली. हात ओलेच. तिनं मला कमरेला धरलं आणि ओढलं.

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतली ही गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावातून आलेली. नवरा शहराबाहेर मिहानकडे इमारतींवर विटा वाहायचा, ही घरोघरी भांडी घासायची. काहीही सांगितलं की हातातलं काम थांबवून म्हणायची, “असं असते काय? मले मालूम नोतं.” आपल्याला एखादी गोष्ट माहीत नसली की आपण मान हलवतो आणि गप्प बसतो. तुम्हीही तेच करता, मी पाहिलं आहे. तिला ती युक्ती माहीत नव्हती.

एकदा गल्लीत साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कागदी पत्रावळी आणि प्लास्टिकच्या वाट्या तिनं घासून भिंतीवर वाळत घातलेल्या. पत्रावळींचा लगदा झाला होता, तोही तिनं नीट पसरून ठेवला होता. फेकायच्या असतात वं, असं सांगितलं तर म्हणाली, “वाट्या तं चांगल्या हायेत. काहून फेकता?” यावर सगळे हसले. पुढे नळावर बायका तिला मुद्दाम काहीबाही विचारायच्या, आपला राजा कोण, विमानातली माणसं उभी असतात की बसलेली. तीही विचार करून उत्तर द्यायची.

मास्तरीणबाई एकदा तिला म्हणाल्या, येत जा कधी चहाले. असं आपण दहा जणांना म्हणतो. ही खरंच गेली. धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, कामाची वेळ नसताना. बैठकीत जाऊन बसली. तिचा कप खिडकीत वेगळा उलटा ठेवलेला असायचा, पण तो तिचा आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ट्रेमधला फुलांचा कप उचलला आणि चहा पिऊन, चांगला झाला म्हणाली. तो कप बाईंनी मग कचऱ्यात टाकला. गल्लीत महिनाभर हा विनोद चालला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी चौथी शिकलेली, मला कमी कळतं.

कूलरात पाणी टाकायच्या आधी बटन बंद करायचं, हे तिला मीच शिकवलं. नागपुरात हे पोरासोरांना माहीत असतं. तिनं विचारलं, “काहून?” मी म्हटलं, करंट लागते, माणूस मरते.

“करंट दिसते काय?”

“नाही दिसत.”

“असं असते काय,” ती म्हणाली. त्यानंतर ती कूलरजवळून जाताना पदर सावरून जायची.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली होती, म्हणून मी बटनाकडे पाहिलं नाही. पाइप लावला, पाणी भरत आलं, एक हात पत्र्यावर होता. तेवढ्यात लाइट आली.

तिच्या ओढण्यानं मी सुटले आणि बाजूला पडले. तिचा पाय पाण्यात घसरला आणि ती कूलरवर जाऊन पडली. मेन बंद करायचं कोणाला तरी त्यानंतर सुचलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आम्हा दोघींना एकाच गाडीतून नेलं. तिला तपासायला डॉक्टरांना फार वेळ लागला नाही.

नवरा तिला गावाकडे घेऊन गेला. गल्ली हळहळली. बिचारीले एवढंही मालूम नोतं, असं सगळे म्हणाले, आणि म्हणून मोकळे झाले. मास्तर अजूनही आल्यागेल्याला समजावून सांगतात की अज्ञान फार वाईट.

मी तिथं होते. मास्तरीणबाई ओरडल्या तेव्हा ती थांबली होती. मागे वळून फाटकातल्या सगळ्यांकडे तिनं पाहिलं होतं. करंट आहे, मरशील, हे तिला तेव्हाच सांगून झालं होतं.

“मंग आजी मरन ना,” ती म्हणाली.

हे सगळ्यांनी ऐकलं. आता कोणाला आठवत नाही.

तिचं वय किती ते तिलाही माहीत नव्हतं. तिशीची असेल. माझी पंचाहत्तरी उलटली. त्या दिवशी फाटकात जे उभे होते ते सगळे धडधाकट आहेत. मीही जिवंत आहे.