दाराला लिंब

"हे साधं पडसं नाही, इन्फ्लुएंझा आहे," सासऱ्यांच्या छातीवरची नळी काढत वेल्ह्याचे डॉक्टर म्हणाले. म्हंजे श्वासातनं, खोकल्यातनं पसरणारा ताप. म्या पलीकडच्या खोलीत बाळंतीण. पोराची पाचवी नुकती झालेली.

पालीच्या आमच्या घरात हा ताप आणला धाकट्या दिरानं, भोरच्या बाजारातनं. बाप-लेक एका ताटात जेवायचे, एका घोंगडीत निजायचे. सासरे पडले. त्यांना उठवता-बसवता आमचे हे पडले.

"बाळाला झाला तर न्यूमोनिया होईल," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे फुप्फुसाला सूज. एवढ्याशा जिवाला ती झेपायची नाही. आजाऱ्यांना वेगळं ठेवा. बाहेरचं कुणी आत घेऊ नका."

म्या पोराला पदराखाली घेतलं. अवो, समाचाराला येणाऱ्याला दारातनं परत लावायचं कसं? कालच चुलतसासू सासऱ्यांच्या कपाळाला हात लावून तशाच आत आल्या, पोराला मांडीवर घेतलं, वर खोकल्यासुद्धा! वरच्या आळीत असाच घरोघर ताप फिरत होता.

माझी सासू, आत्याबाई, भारी खमकी. आजाऱ्यांना तिनं पडवीत हलवलं आणि दाराला कडूलिंबाचे डहाळे बांधले.

"आत्याबाई, आपल्यात देवी कुठं आल्यात?"

"गप ऱ्हा. लोकांस्नी काय ठावं?"

देवी निघालेल्या घराचा लिंब दिसला की बाहेरचं माणूस उंबरा वलांडत न्हाई. चुलतसासू आल्या, अंगणातनंच हात जोडून गेल्या. भीतीतसुद्धा मला हसू आलं.

डॉक्टर परत आले ते लिंब बघून दचकले. "देवी निघाल्या? मला कळवलं का नाही?"

"कुटल्या देवी!" आत्याबाई म्हणाली. "तुमीच म्हणला, कुणाला आत घेऊ नका. तुमचं नाव सांगून कुणी ऐकलं असतं?"

डॉक्टर तोंडाला रुमाल लावून हसले.

सासरे हळूहळू सावरले. पोराला शिंकसुद्धा आली न्हाई. बायांनो, घरात असा ताप आला तर माणसाचा रुसवा झेला, पण दार लावा.

सगळे बरे झाल्यावर आत्याबाई दहीभात घेऊन देवळात गेली. देवीचं नाव खोटं घेतलं म्हून इतके दिवस तिला घास गोड लागला नव्हता, हे मला तवा कळलं.

"देवीला काय म्हणला?" म्या विचारलं.

"म्हणलं, खोटं बोलले, शिक्षा मला दे. नातवाकडं बघू नगं."

म्या पोराला तिच्या मांडीवर दिलं आणि तिचे पाय धरले.