पायात गेलेला कीस्टोन

मुकुंद जवळेकर सत्तावीस वर्षं जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात वास्तुकलेचा इतिहास शिकवतो. रोमन कमान, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची बॅसिलिका, मध्ययुगातलं गोथिक कॅथेड्रल, सगळं त्याला तोंडपाठ. यांतलं त्यानं पाहिलेलं काहीच नाही, पासपोर्टसुद्धा नाही. घरातल्या बोळीला मात्र तो चर्चच्या मधल्या लांब दालनासारखं ‘नेव्ह’ म्हणतो आणि टोकाच्या कोनाड्याला, जिथं गॅसची टाकी असते, चर्चच्या टोकाच्या अर्धगोल गाभाऱ्यासारखं ‘ॲप्स’. बायको कल्याणी पाहुण्यांना सांगते, “टाकी कुठंय विचारू नका, तासभर बसावं लागेल.”

कल्याणीच्या माहेरी, अंबड तालुक्यात, शाळेला कमान बांधायचं ठरलं. तिचा भाऊ रामप्रसाद समितीचा अध्यक्ष. “दाजी, लोखंडाची करून टाकू, जल्दी होईल,” तो म्हणाला. मुकुंद ऐकेना. दगडाचीच हवी, रोमन पद्धतीची. कमानीत ना लोखंड, ना सिमेंट. आयुष्यात एक तरी गोष्ट कागदाबाहेर उभी करायची होती त्याला. ती पडली तर सासुरवाडीत तोंड दाखवता येणार नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

गावकऱ्यांपुढं त्यानं पाऊण तास भाषण केलं. दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड चढत येतात आणि माथ्यावर मधोमध कीस्टोन बसतो, हे त्यानं सांगितलं, पण पहिल्या पाच मिनिटांत. उरलेली चाळीस मिनिटं कीस्टोनचा महिमा चालला. “हा एक दगड म्हणजे कमानीचा प्राण!” गावानं तेवढंच लक्षात ठेवलं. कीस्टोन तर त्यानं नकाशाबरहुकूम जालन्यातच घडवून, टेम्पोतून गावी पोचवलाही.

आणि गावात सगळ्यात महत्त्वाच्या दगडाची जागा ठरलेली असते, पायात. भूमिपूजनाला दगडावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, जावयाला फेटा बांधला. “दाजी, लावा हात,” रामप्रसाद म्हणाला. मुकुंदनं हात लावला, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि दगड उजव्या खांबाच्या खड्ड्यात सोडला. वर काँक्रीट पडलं, टाळ्या झाल्या.

परतीच्या एसटीत कल्याणीनं विचारलं, “अहो, तो दगड वर बसवायचा होता ना?”

मुकुंदनं फेटा काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. “पुजलेला दगड उकरायचा न्हाई, दाजी,” रामप्रसादनं निक्षून सांगितलं. “पण तो खाली काय काम करून राह्यला, ते तरी सांगा.”

“माझ्यासारखंच काम करतोय,” मुकुंद म्हणाला. “पूजा झाली, आता नुसता बसलाय.”

गवंडी रामकिसन मिस्तरींना मात्र या सगळ्याचं काहीच वाटलं नाही. खालून आधाराला लाकडी सेंट्रिंग लावून त्यांनी दोन्हीकडून दगड चढवत आणले. माथ्यावर फट उरली, तेव्हा मुकुंदला बोलावलं. मुकुंदनं नकाशा उलगडला, फट मोजली, पुन्हा मोजली. नकाशापेक्षा ती दोन बोटं रुंद होती.

“तुमचा दगड असता, तर खाली आल्ता बघा,” मिस्तरी म्हणाले.

“पण माप बरोबर होतं!”

“कागदाचं बराबरच आहे, सर. दगड घडताना छिलके निघतेत, फरक पडतोच. माथ्याचा हा चावीचा दगड शेवटी करायचा. जागा उरल तेवढा.”

हे सत्तावीस वर्षांत त्यानं एकदाही वर्गात सांगितलं नव्हतं, कारण ते त्यालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मिस्तरी फटीच्या मापाचा नवा दगड घडवत होते, तो दिवसभर त्यांच्या छिन्नीशेजारी बसून राहिला आणि एकही शब्द शिकवला नाही.

सेंट्रिंग उतरवायच्या दिवशी शाळेसमोर गाव जमलं. मिस्तरींनी आधाराच्या पाचरी एकेक ठोकून सैल केल्या. भुगा गळला. कुठंतरी दगड कुरकुरला. मुकुंदच्या शेजारी उभ्या असलेल्या कल्याणीनं त्याचं मनगट धरलं. मग फळ्या खाली आल्या, तशी पोरं ओरडली.

कमान उभी होती. मुकुंदला ती थोड्या वेळानं दिसली, कारण त्यानं डोळे गच्च मिटले होते.

“दाजी, फोटो!” रामप्रसादनं कमानीखालून हाक मारली. “या की मधी!”

“आधी तुम्ही घ्या,” मुकुंद म्हणाला. “मी जरा लांबून बघतो.”