ड्रोनच्या पोटाखालचं लिंबू

आम्हाला पैसे न देण्यासाठी तीन माणसं इतक्या थाटात बसली होती की मला अगदी भरून आलं. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूचं फार्महाऊस, हिरवळीवर पांढरे पडदे लावलेला मांडव, मोठा टीव्ही, आणि तीन सोफ्यांवर तीन चेहरे. मधले यजमान शेठ, सिन्नरला त्यांचा पाइपांचा कारखाना. एका बाजूला बिल्डर. दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. ते नवीन धंद्यांना सल्ला देत, म्हणजे नाही म्हणत.

आमचा धंदा म्हणजे मी आणि माझी भाची. माझी हयात अंबडच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. चांगल्या चांगल्यांचा माल मी नापास केलाय आणि जेवण त्यामुळे कधी अडलं नाही. भाचीने एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. शेतात फवारणी करणारा ड्रोन प्रत्यक्ष उडायच्या आधी तो कॉम्प्युटरमध्ये उडवायचा. वारा, विजेच्या तारा, अर्धी भरलेली औषधाची टाकी, सगळं त्यात घालायचं आणि तो कुठे फसेल ते आधीच सांगायचं. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. शेठ हो म्हणाले तर पोरगी नाशकात, नाही म्हणाले तर पुण्यात. कॉम्प्युटर तिच्याकडे होता, तोंड माझ्याकडे. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो होतो.

"ड्रोन कुठंय तुमचा?" बिल्डरने सुरुवात केली.

"आम्ही ड्रोन बनवत नाही."

"मग उडवता?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"म्हणजे व्हिडिओ गेम. माझी पोरं घरी फुकट खेळतात."

"पण तुमची पोरं हरली तर कुणाच्या डोक्यावर काही पडत नाही," मी म्हणालो. एकट्या मलाच हसू आलं.

बँकवाले साहेब पुढे झुकले. "तारण काय?"

मी दोन्ही हात पसरून भाचीला दाखवलं. तिने टेबलाखाली माझ्या पायावर सँडल ठेवली आणि दाबली.

"ही कॉम्प्युटरची भानगड बंद करा," शेठ मला म्हणाले. "आमचा पाइप विकायच्या आधी आम्ही त्याच्यावर ट्रॅक्टर घालतो. खरा ट्रॅक्टर. चित्रातला नाही. या, खरा माल दाखवतो."

शेठनी एका ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत पैसे घातले होते आणि त्याच दुपारी पहिल्या उड्डाणाचा मुहूर्त होता. ड्रोन हिरवळीवर पाटावर बसलेला. कपाळ नाही, म्हणून टाकीवर स्वस्तिक. भोवती झेंडू. आपल्याकडे लेथ असो की जेसीबी, पूजेशिवाय बटण दाबत नाहीत, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. पण गाडीला लिंबू-मिरची बंपरखाली बांधतात. ड्रोनला बंपर नसतो. शेठनी विचार करून ती पोटाखाली बांधली होती. छान टपोरं लिंबू, लांब दोऱ्यावर.

भाची माझ्या कानाशी आली. "मामा, लिंबू बरोबर उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या तोंडासमोर आहे."

माझ्या आयुष्यात इतकं गोड वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी टाळ्या वाजवून सगळ्यांना परत टीव्हीसमोर आणलं. तिने पडद्यावरच्या ड्रोनखाली एक पिवळा गोळा टांगला आणि उड्डाण सुरू केलं. ड्रोनला वाटलं जमीन वीतभर अंतरावर आली, म्हणून तो वर गेला. तरी जमीन वीतभरच. आणखी वर. मग वाऱ्याने गोळा बाजूला झुलला, खरी जमीन दिसली, आणि ड्रोन घाबरून धाडकन खाली आला.

"शेठ, लिंबू पुढच्या दांडीला बांधा. एवढंच," ती म्हणाली.

"आमच्या लिंबाला हात लावायचा नाही! देवाला मानता की नाही, बाई?"

"मानते. देवाला ते लिंबू दिसतं. सेन्सरला जमीन दिसते."

"पैसे मागायला आलात आणि भर पूजेत अपशकुन करता?" शेठचे कान लाल झाले. त्यांनी ड्रोन चालवणाऱ्याला खूण केली. त्या बिचाऱ्याने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग पगार देणाऱ्याकडे, आणि नारळ फुटताच बटण दाबलं.

ड्रोन वर गेला. टाळ्या पडल्या. तो आणखी वर गेला. टाळ्या विरल्या. मग लिंबू झुललं. ड्रोन तिरका होत कुंपणापलीकडे गेला आणि शेजारच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये छतातून शिरला. प्लास्टिक फाटल्याचा लांबलचक आवाज आला.

"तुमची नजर लागली!" बिल्डर माझ्यावर ओरडला.

बँकवाले साहेब मात्र शेठच्या कानात काही बोलले. शेठचा आवाज एकदम साजूक झाला. "ठीक. पैसे घालतो. फक्त आमच्या कंपनीचा ड्रोन तुमच्याकडे तपासायला आला की पास. बाकीच्यांना काय हवं ते करा."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर नाशकातच राहिलेली भाची होती. पण तिने लॅपटॉप मिटला. "मग सॉफ्टवेअर कशाला घेता? रविवार कारंजावर रबरी शिक्का बनवून मिळेल."

"निघा!" शेठ म्हणाले. "सिन्नरपासून सातपूरपर्यंत कुणी दारात उभं करतं का बघतो."

आम्ही फाटकाशी पोचलो तर शेजारी पॉलिहाऊसवाला समोरून तरातरा येत होता. केसांत गुलाबाच्या पाकळ्या, हातात ड्रोनचं तुटकं पातं.

"कुणाचं हाय हे?"

मी अदबीने मागे बोट दाखवलं. भाची म्हणाली, "पडणार हे आम्ही त्यांना आधीच दाखवलं होतं."

तो थांबला. "आधी? आन् तरी उडीवलं?"

"हो."

"ताई, मग कसं पडलं, का पडलं, समदं लिहून द्या. फुकट नाय. काय घ्यायचं ते घ्या. मला लय दिवसांपासून ह्याच्याशी भांडायचंय."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग फोन काढून पुण्याला लावला. "नाही, सर, मी येत नाहीये," ती म्हणाली. "इथे पहिलं काम आलंय." फोन ठेवून ती पॉलिहाऊसवाल्याला म्हणाली, "ड्रोनला कुणी हात लावू नका. जसा पडलाय तसाच राहू द्या."

तासाभरात आम्ही गुलाबांमध्ये वाकून मापं घेत होतो. शेठ धावत आले आणि वाफ्यात उभे राहून त्यांनी माझ्या खानदानाचा उद्धार सुरू केला. मी टेपचं टोक धरून होतो. त्यांना म्हटलं, "शेठ, जरा डावीकडे सरका. तुमचा पाय मापात येतोय."