खिडकीतला पावडरचा डबा

शेजारणीवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. दर्यापूरकडच्या शेतकऱ्याघरची बाई, मुलांच्या शाळेसाठी अकोल्यात बिऱ्हाड केलेली. आमची मांजर तिच्या दुधात तोंड घाली. एकदा ती कुंपणापाशी येऊन सासूबाईंना म्हणाली होती, "मावशी, तुमच्या मांजरीचा बंदोबस्त करा, नाही तं मले करा लागीन." ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी बाजूला बसले होते. आमच्याकडे त्या तीन दिवसांत बाईनं मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं आणि घरातल्या कशालाही शिवायचं नाही. मांजराला विटाळ नसतो, असं सासूबाईंचं मत, म्हणून मांजर तेवढी माझ्याजवळ येऊन झोपे. पण तिला पिसवा झाल्या होत्या नि त्या मलाच चावून काढत. पिसवांच्या पावडरचा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. सासूबाई पूजेला बसलेल्या पाहून मी बाहेरूनच हात घातला, मांजरीच्या अंगभर पावडर चोळली आणि डबा होता तसा ठेवून दिला.

दुपारी मांजरीच्या तोंडाला फेस आला. अंग थरथरू लागलं, पाय झटकू लागली. मी सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाले, "शेजारणीनंच काहीतरी घातलंय." त्यांनाही तेच वाटलं. आवाज ऐकून शेजारीण धावत आली, तर तिचं धावत येणंसुद्धा मला नाटकी वाटलं.

"काय घातलंस माझ्या मांजरीला?" सासूबाईंनी तिला तोंडावरच विचारलं.

"मी काहून घालू, मावशी? मुकं जनावर हाये."

तीच जाऊन गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन आली. त्यानं लांबूनच मांजरीचे डोळे पाहिले. "पिसवांची पावडर लावली का? कितीदा?"

"एकदाच. सकाळी मी चिमूटभर लावली," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी लावल्याचं मला ठाऊकच नव्हतं.

"चिमूटभरानं एवढं होत नाही. मग उंदराचंच औषध असेल," म्हणत तो पिशवीत त्यावरच्या उताऱ्याची बाटली शोधू लागला. सासूबाई शेजारणीकडे पाहू लागल्या.

गप्प बसले असते तर डब्याला शिवल्याचं कुणाला कळलं नसतं. पण भलत्याच औषधानं मांजर गेली असती. "मीही लावली," मी म्हणाले. "मूठभर."

"साबणानं धुवा हिला, आत्ताच. चाटून चाटून पोटात जातंय," कंपाउंडर म्हणाला. विहिरीला मी शिवू शकत नव्हते. सासूबाई डब्याकडे बघत खिळल्यासारख्या उभ्या होत्या. शेजारणीनंच पाणी काढलं, मांजरीला मांडीवर घेऊन धुतलं आणि हातभर ओरखडे काढून घेतले.

मांजर वाचली. सासूबाईंनी स्वयंपाकघर धुऊन काढलं, आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते मला फारसं लागलं नाही.

लागलं ते दुसरंच. मांजर पुन्हा शेजारणीच्या दारात जाऊ लागली. तिला दूध घालण्याआधी शेजारीण मला हाक मारी, "वहिनी, पाहून घ्या," आणि माझ्यादेखत त्यातलं घोटभर आधी स्वतः पिई. आम्ही ते घर सोडेपर्यंत तिनं हे एकदाही चुकवलं नाही. मी कधी "राहू द्या" म्हणाले नाही. सांगायला लाज वाटते, पण ती खरंच गिळते का, हे मी दर वेळी बघत असे.