रिठावर गेलेली बाई

१४ डिसेंबर १९८३. पोलीस ठाण्यात मी मुद्देमालाच्या पुड्यांवर लाखेचा शिक्का मारत होते. तो दिवस मी विसरलेले नाही. बपेऱ्याकडचा एक धान पिकवणारा शेतकरी आला. त्याची बहीण तान्ह्या मुलीसह सासरहून बेपत्ता होती.

"नवऱ्यानंच मारलं तिले, बाईसाहेब."

नवऱ्याला आणलं. सदऱ्यावर रक्त होतं. "हात उचललो. जीवानं नाही मारलो," एवढंच तो सांगे. दुसऱ्या दिवशी त्याला खुनाच्या संशयावरून न्यायालयात उभं करायचं होतं.

सासूनं जबाबात सांगितलं होतं, "रिठावर गेली असन." आमचा साताऱ्याकडचा हवालदार रिठ्याची झाडं शोधत शिवारभर फिरून आला. तान्हं लेकरू घेऊन झाडाखाली कोण राहील? मी सासूला पुन्हा बोलावून रिठ्याचं झाड कुठलं ते विचारलं.

"झाड कोनं सांगलं?" म्हातारी हसली. "रिठ, रिठ. मानसं उठून गेलेलं गाव. सून लहानपनी आजीसंगं तेथी मातामायच्या पूजेले जाये म्हने."

भावाकडून आजी-आजोबांच्या त्या उठलेल्या गावाचं नाव कळलं. "पन मी कधी गेलो नाही. तेथी आता काय हाय?"

तालुक्याच्या चालू नकाशात ते नाव नव्हतं. कचेरीतून जुना सर्व्हे नकाशा मागवला. सपाट धानपट्टीत तळी तेवढी निळी, वस्ती तुरळक. एका तळ्याच्या पाळीजवळ, मातीच्या बांधालगत, ते नाव सापडलं. शेजारी 'उजाड' अशी खूण, आणि एक विहीर.

जीप पाळीपर्यंत गेली, पुढं चालत. मातामाय देवीच्या ओट्याला टेकून ती मुलीला पाजत बसली होती. कपाळावर जखम सुकलेली.

"एथी काहून आली?" मीही तिच्याच भाषेत विचारलं.

"सासरी मारते. माहेरी गेली का भाऊ परत आनून सोडते. एथी परत पाठवाले कोनी नाही."

भावाचं रडणं खोटं नव्हतं. तिला दोनदा परत सोडणाराही तोच होता. बेपत्ता बाईच्या प्रत्येक प्रकरणात पुढं मी एक प्रश्न आधी विचारू लागले : याआधी ती निघाली तेव्हा तिला परत कोणी आणलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुनाचा संशय खोडून अहवाल लिहिला आणि तिच्याकडून नवऱ्याविरुद्ध मारहाणीची फिर्याद घेतली. बाहेर भाऊ बैलगाडी घेऊन उभा होता.

"चाल घरी," तो म्हणाला.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

तो बैलांकडं पाहू लागला. मी त्याला आत बोलावून तिच्यासमोर बसवलं आणि 'आता परत नेऊन सोडनार नाही' हे उत्तर मिळाल्यावरच तिला गाडीत चढू दिलं.